एसएसडीचा वेग कोणासाठी मोजलाय? एका आकड्याची उलटतपासणी

शोधनिबंधात किंवा प्रबंधात ‘प्रयोगाची मांडणी’ नावाचा एक भाग असतो. त्यात एक ओळ हमखास सापडते : अमुक प्रोसेसर, इतकी रॅम, एक टीबीची एसएसडी, वाचनाचा वेग सेकंदाला ३५०० एमबी. लिहिणाऱ्याने हा आकडा खोक्यावरून उतरवलेला असतो आणि वाचणारा त्यावर न थांबता पुढे जातो. आजची पोस्ट त्या आकड्याबद्दल आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल, गाइड शोधत असाल किंवा विषय नुकताच ठरला असेल, तर ही तुमच्यासाठीच आहे. संगणकशास्त्र तुमचा विषय नसेल तर उलट जास्तच, कारण अशा वेळी आपण यंत्राचा आकडा डोळे झाकून घेतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एसएसडीच्या बहुतेक चाचण्यांत आकडे खरेच असतात, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतात. आपला प्रश्न काय, हे ठरवल्याशिवाय ते उत्तर उचललं की प्रबंधात एक निरर्थक ओळ वाढते, आणि कधी कधी डेटाही जातो.

आधी काम बघू

उदाहरण चंद्रपूर-गडचिरोलीचंच घेऊ. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी सुरू झालं. इथे वन्यजीवांवर काम करायचं म्हटलं की कॅमेरा ट्रॅप आलाच. जंगलाचे नकाशावर चौकोन पाडायचे आणि ठरलेल्या जागी समोरासमोर कॅमेऱ्यांची जोडी लावायची. जोडी कशाला? वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात, आणि कोणता वाघ ते पट्ट्यांवरूनच ओळखायचं असतं.

यातून फोटो किती जमतात? २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि ३,४८,५८,६२३ फोटो जमा झाले. त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. भागाकार करून बघा : साधारण साडेचारशे फोटोंमागे वाघाचा एक. महत्त्वाचा फोटो कोणता, हे कॉपी करताना कळत नाही. त्यामुळे सगळेच सांभाळावे लागतात.

आता या फोटोंचा प्रवास पायरी पायरीने मांडू.

१. कॅमेऱ्यातलं एसडी कार्ड काढून लॅपटॉपवर कॉपी करायचं. कार्ड पुसून पुन्हा कॅमेऱ्यात जातं.
२. लॅपटॉपवरून दुसऱ्या ड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा.
३. सगळे फोटो सॉफ्टवेअरला वाचायला देऊन प्राणी वेगळे करायचे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या प्रकल्पांत यासाठी कॅटरॅट वापरतात, आणि पट्टे जुळवायला एक्स्ट्रॅक्टकंपेअर.
४. सहा महिन्यांनी, वर्षाने तेच फोटो पुन्हा उघडायचे. नवा वाघ आला, परीक्षकाने शंका काढली, गाइडने ‘परत बघ’ म्हटलं.

चार पायऱ्यांना ड्राइव्हकडून चार वेगळ्या गोष्टी लागतात. खोक्यावर मात्र आकडा एकच.

पहिली तक्रार : जिथे थांबायला होतं ते मोजलेलंच नसतं

पहिली पायरी घ्या. फोटो कार्डावरून येतात. यूएचएस-१ प्रकारच्या एसडी कार्डाची जास्तीत जास्त मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, प्रत्यक्षात त्याहून कमी. कार्ड रीडर जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावला तर ३०-४० एमबीवर समाधान मानायचं. ३२ जीबीचं भरलेलं कार्ड सेकंदाला ८० एमबीने उतरायला सुमारे सात मिनिटं लागतात, ३५ एमबीने पंधरा. समोरची एसएसडी ५०० एमबीची असो की ३५०० ची, या वेळेत काहीच फरक पडत नाही. विहिरीला पाणीच कमी असेल तर मोटार मोठी बसवून काय होणार?

हे किरकोळ वाटत असेल तर एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाहीकडच्या एखाद्या गावाजवळ वाघाचा हल्ला होतो. हल्ला करणारा वाघ कोणता, हे ओळखण्यासाठी वनविभाग आसपास कॅमेरे लावतो. त्या दिवसांत कार्डातला फोटो डोळ्यांसमोर यायला किती वेळ लागतो, याला खरी किंमत असते. गावातले लोक उत्तराची वाट बघत असतात. तिथे तीन हजारांचा महागडा ड्राइव्ह घेण्याऐवजी काहीशे रुपयांचा चांगला कार्ड रीडर घेतला तर वेळ निम्म्यावर येतो. ड्राइव्हच्या कोणत्याही तुलनातक्त्यात तुम्हाला हे दिसणार नाही, कारण तिथे कार्ड रीडर नावाची गोष्टच नसते.

संशोधनातला हा पहिला धडा समजा : एखाद्या भागाचा वेग मोजण्याआधी पूर्ण कामाचा वेळ मोजा आणि त्यात त्या भागाचा वाटा किती ते काढा.

दुसरी तक्रार : शंभर मीटरची धाव, मॅरेथॉनचा निष्कर्ष

दुसरी पायरी बॅकअपची. इथे एसएसडीचा लिहिण्याचा वेग खरंच कामाचा आहे. पण तो मोजतात कसा?

क्रिस्टलडिस्कमार्क हे सर्वांत जास्त दिसणारं साधन. ते उघडून काही न बदलता बटण दाबलं तर एक जीबीची फाईल घेऊन पाच वेळा चाचणी होते. काही सेकंदांत मोठमोठे आकडे समोर येतात. आता एसएसडीच्या आत काय होतं ते बघा. फ्लॅशच्या एका पेशीत तीन बिट ठेवले तर चिपला टीएलसी म्हणतात, चार ठेवले तर क्यूएलसी. जास्त बिट म्हणजे स्वस्त साठवण, पण लिहायला वेळ जास्त. म्हणून उत्पादक काही पेशी तात्पुरत्या एका बिटाच्या पद्धतीने वापरतात, म्हणजे लिहिणं पटकन उरकतं. याला एसएलसी कॅशे म्हणतात. लिहिलेलं आधी तिथे पडतं आणि ड्राइव्हला उसंत मिळाली की आत सरकतं. कॅशे भरली की खरा वेग उघडा पडतो. स्वस्त क्यूएलसी ड्राइव्ह अशा वेळी सेकंदाला १०० एमबीच्या आसपास उतरल्याची उदाहरणं आहेत.

हिशोब करा. एक टीबी फोटोंचा बॅकअप सेकंदाला १००० एमबीने झाला तर सतरा मिनिटं लागतात. १०० एमबीने झाला तर पावणेतीन तास. एक जीबीच्या चाचणीला हे दोन ड्राइव्ह सारखेच दिसू शकतात, कारण ती कॅशेच्या बाहेर पडतच नाही.

अजून एक बारकावा. २०१०-१२ च्या सुमारास सँडफोर्स कंपनीचे कंट्रोलर लोकप्रिय होते. ते डेटा आतल्या आत दाबून लिहायचे. चाचणीचा डेटा म्हणजे नुसती शून्यं असतील तर वेग भरमसाट दिसायचा. कॅमेऱ्याचे जेपेग फोटो आधीच दाबलेले असतात, ते आणखी दाबले जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात तो वेग मिळायचा नाही. त्या कंट्रोलरांचा काळ गेला, पण ‘चाचणीत कोणता डेटा लिहिला?’ हा प्रश्न आजही विचारायचाच. लिनक्सवर शून्यांची फाईल डीडीने लिहून ‘माझी एसएसडी इतकी वेगवान’ म्हणणारे अहवाल तुमच्याही वाचनात येतील.

तिसरी तक्रार : कोरा ड्राइव्ह, थंड खोली, ताजा डेटा

चाचणीतला ड्राइव्ह नुकताच खोक्यातून काढलेला असतो, म्हणजे रिकामा. फ्लॅशवर लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर मोठा ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो. ठोकळ्यात काही कामाचा डेटा उरला असेल तर तो आधी दुसरीकडे हलवायचा. रिकाम्या ड्राइव्हला ही उचलठेव करावी लागत नाही. नव्वद टक्के भरलेल्या ड्राइव्हला सतत करावी लागते, शिवाय बऱ्याच ड्राइव्हमध्ये मोकळी जागा घटली की एसएलसी कॅशेही लहान होते. आता सांगा, फिल्डवर्क करणाऱ्या विद्यार्थ्याचा ड्राइव्ह रिकामा असतो की भरत आलेला?

मग खोली. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचंच, काही वर्षी तो ४७ अंशांच्याही पुढे गेलाय. कूलर लावला तरी खोली चाळिशीच्या आसपास. परीक्षणं होतात पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत. ढोबळ हिशोबाने बाहेरचं तापमान पंधरा अंशांनी वाढलं की ड्राइव्हचंही जवळपास तितकंच वाढतं. समजा थंड खोलीत सतत लिहिताना ड्राइव्ह ६२ अंशांवर राहतो. तोच इथे ७७ वर जाईल. बाजारातल्या अनेक ड्राइव्हची कामाची मर्यादा ७० अंश लिहिलेली असते. त्या सुमारास किंवा थोडं वर गेल्यावर कंट्रोलर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. हा बिघाड नव्हे, ड्राइव्ह ठरवल्याप्रमाणेच वागतोय. फक्त तो आलेख पंचवीस अंशांच्या खोलीत उमटत नाही.

आणि डेटाचं वय. चाचणी फाईल लिहिते आणि लगेच वाचते. आपली चौथी पायरी आठवा, तिथे फोटो वर्षभराने उघडायचे असतात. यात फरक पडतो का? पडलाय. सॅमसंगचा ८४० इव्हो २०१३ मध्ये आला आणि परीक्षणांत चांगले गुण मिळवून गेला. नंतर वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की काही आठवड्यांपूर्वी लिहिलेल्या फाईली फार हळू वाचल्या जातात, ताज्या मात्र झरझर. पेशीतला विद्युतभार काळानुसार थोडा सरकतो आणि ड्राइव्हला तो पुन्हापुन्हा वाचून बघावा लागत होता. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये फर्मवेअर दिलं, पण त्रास परत दिसला आणि एप्रिल २०१५ मध्ये दुसरं द्यावं लागलं. एकाही परीक्षकाने खोटा आकडा छापला नव्हता. जुनी फाईल वाचून बघावी, हे चाचणीतच नव्हतं.

चौथी अडचण नावाची. २०२१ मध्ये डब्ल्यूडी ब्लू एसएन५५० आणि क्रुशल पी२ या ड्राइव्हच्या आतली फ्लॅश चिप बदलल्याचं उघड झालं, खोक्यावरचं नाव तेच ठेवून. पी२ मध्ये तर टीएलसीच्या जागी क्यूएलसी आली होती. म्हणजे जुनं परीक्षण वाचून तुम्ही जो ड्राइव्ह आणता, तो कदाचित परीक्षणातला नसतोच.

विद्वानांनी काय केलं?

तुम्ही म्हणाल, ही झाली बाजारातली परीक्षणं, शोधनिबंधांत तरी काळजी घेत असतील. याचं उत्तर शोधनिबंधांतच आहे. ट्रेगर, झादोक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एसीएमच्या साठवणविषयक नियतकालिकात १०६ शोधनिबंधांतल्या ४१५ चाचण्या तपासल्या. निष्कर्ष कडू होता : लोकप्रिय चाचण्यांपैकी बहुतेक सदोष, आणि कितीतरी निबंधांतून खरी कामगिरी कळतच नाही. हा लेख तुमचा विषय कोणताही असो, मिळवून वाचा. दुसऱ्यांच्या कामाची झाडाझडती कशी घ्यावी याचा तो नमुना आहे. व्यक्तींवर घसरत नाही, पद्धतीवर बोट ठेवतो.

२०२० च्या अखेरीस डिडोना, इओआनू, स्टोइका आणि कुर्टिस यांचा लेख व्हीएलडीबीच्या नियतकालिकात आला. रॉक्सडीबी आणि वायर्डटायगर या दोन डेटा साठवणाऱ्या प्रणाली त्यांनी एसएसडीवर चालवल्या आणि चाचणीतले सात खड्डे दाखवले. चाचणी आटोपशीर ठेवणं, ड्राइव्हची आधीची अवस्था न बघणं, एकाच आकाराचा डेटा घेणं, एकाच प्रकारच्या एसएसडीवर निष्कर्ष काढणं हे त्यांपैकी चार. मला त्यातली ताकद ही वाटते की ते नुसते दोष देत नाहीत. प्रत्येक खड्ड्यात पडलं तर निष्कर्ष कसा बदलतो, हे मोजून दाखवतात.

उपाय म्हणून एसएनआयए या संघटनेचं प्रमाणित तपशीलपत्रकही आहे. ते सांगतं : ड्राइव्ह आधी पूर्ण पुसा, मग क्षमतेच्या दुप्पट डेटा लिहून तो ‘मुरवा’, मग फेऱ्या चालवा. सलग पाच फेऱ्यांतला चढउतार सरासरीच्या वीस टक्क्यांत आणि कल दहा टक्क्यांत आला की त्या स्थिर अवस्थेतले आकडे नोंदवा. फार शिस्तशीर पद्धत आहे ही, आणि दोन ड्राइव्हची न्याय्य तुलना करायची असेल तर अशीच हवी.

पण इथेही आंधळेपणाने मान डोलवू नका. सतत छोटे तुकडे विखरून लिहिणारं स्थिर अवस्थेतलं काम हे सर्व्हरचं चित्र आहे. आपला विद्यार्थी महिन्यात दोन-चार दिवस धो धो लिहितो आणि उरलेले दिवस फक्त वाचतो. त्याचा ड्राइव्ह त्या स्थिर अवस्थेला बहुधा पोचणारच नाही. खोक्यावरचा आकडा त्याच्यासाठी फार आशावादी, तर प्रमाणित चाचणीतला कदाचित फार निराशावादी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

निराशेची अशीच एक गोष्ट २०१५ मध्ये पसरली : एसएसडी वीज न देता ठेवली तर काही दिवसांत डेटा उडतो. मूळ होतं जेडेकच्या मानकात. तिथे सामान्य ग्राहकाच्या ड्राइव्हसाठी अट आहे ती ३० अंशांना, विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकण्याची, आणि तीही लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हसाठी. बातम्यांत शेवटची अट गळाली. नव्या ड्राइव्हबद्दल घाबरायचं कारण नव्हतं. पण उष्णता वाढली की हा काळ कमी होतो, हे खरंच आहे. म्हणून खूप वापरलेली एसएसडी पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात उन्हाळाभर ठेवून तिलाच एकमेव प्रत मानू नका.

तक्त्यात नसलेला स्तंभ

माझी सर्वांत मोठी तक्रार अजून बाकी आहे. वेगाच्या तक्त्यात एक स्तंभ जवळपास कधीच नसतो : कॉपी झालेलं सगळं बरोबर आलं का?

पडद्यावर कॉपी संपल्याचं दिसतं तेव्हा काही डेटा रॅममध्ये किंवा ड्राइव्हच्या स्वतःच्या मेमरीत असू शकतो. साध्या ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर तो सावरून धरायची सोय सहसा नसते. भामरागड किंवा एटापल्लीसारख्या ठिकाणी वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि इंटरनेटवर प्रत चढवायची म्हटली तर नेटवर्क साथ देत नाही. अशात फाईल अर्धवट राहिली, कार्ड पुसून जंगलात परत गेलं, तर तो फोटो गेला. साडेचारशेतला एक तोच असेल तर? वाघ मोजण्याच्या गणितात प्रत्येक वेळी कोण दिसला आणि कोण परत दिसला यावर सगळं उभं असतं. हरवलेला फोटो तिथे ‘दिसला नाही’ म्हणूनच मोजला जातो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

मग तुम्ही काय मोजायचं?

दोन दिवसांत होईल एवढंच सांगतो.

चाचणीसाठी स्वतःचेच फोटो घ्या, निदान दोनशे-तीनशे जीबी, म्हणजे कॅशेच्या बाहेर जाल. ड्राइव्ह आधी तुमच्याकडे जितका भरलेला असतो तितका भरा. कार्ड ते लॅपटॉप, लॅपटॉप ते बॅकअप आणि सॉफ्टवेअरचं वाचन, या तिन्हींना लागलेला वेळ वेगवेगळा लिहा. वाचनाची चाचणी मशीन बंद करून चालू केल्यावर घ्या, नाहीतर तुम्ही ड्राइव्हऐवजी रॅमचा वेग मोजाल. फियो वापरत असाल तर रॅम टाळून थेट ड्राइव्हशी बोलायचा पर्याय चालू ठेवा. खोलीचं तापमान लिहा. एनव्हीएमई ड्राइव्ह असेल तर स्मार्टसीटीएलमध्ये इशाऱ्याच्या तापमानावर किती मिनिटं गेली याची नोंद मिळते, ती चाचणीआधी आणि नंतर बघा. सगळं तीन-चार वेळा करा आणि नुसती सरासरी देऊ नका, सगळ्यात वाईट वेळही द्या. प्रत्येक कॉपीनंतर दोन्हीकडच्या फाईलींचा चेकसम जुळवा, आणि तो जुळेपर्यंत कार्ड पुसू नका. चेकसमला लागलेला वेळही कामाच्या वेळेतच धरा. सहा महिन्यांनी तेच जुने फोटो पुन्हा वाचून वेळ मोजा.

मग प्रबंधातली ती ओळ साधारण अशी होईल : ‘अमुक मॉडेल, अमुक फर्मवेअर, ८० टक्के भरलेला ड्राइव्ह, खोली ३९ अंश. २५० जीबी जेपेग फोटोंचा बॅकअप चेकसमसह चार वेळा घेतला, चारही वेळा सोबतच्या तक्त्यात दिल्या आहेत.’ ओळ लांब झाली खरी. पण ती वाचून गडचिरोलीतला दुसरा विद्यार्थी आपला कामाचा दिवस आखू शकेल, आणि तोंडी परीक्षेत कोणी ‘हा आकडा कुठून आणला?’ विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

आता एक काम करा. तुमच्या विषयातला, तुम्हाला आवडलेला एखादा शोधनिबंध काढा आणि त्यातली यंत्राबद्दलची ओळ शोधा. ड्राइव्ह असो, सूक्ष्मदर्शक असो की मातीचा ओलावा मोजणारं यंत्र. तो आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला होता, ते निबंधात सापडतं का बघा. सापडलं नाही तर तुमच्या वहीत पहिला समीक्षेचा मुद्दा तयार झाला.